सेकंडहँड क्लासिक 350: जुने टायर आणि हँडलची थरथर, आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 2016 ची रॉयल एनफील्ड क्लासिक 350, चौदा हजार किलोमीटर चाललेली, नुकतीच घेतली. विकणारा म्हणाला टायर नव्यासारखे आहेत. नक्षी खरोखर भरपूर आहे, पण पुढच्या टायरवर 2216 आणि मागच्यावर 4119 असे आकडे दिसतात. साठ-पासष्टच्या पुढे हँडल थरथरतं, पंच्याऐंशीला फूटरेस्टवर पायांना मुंग्या येतात. एक मेकॅनिक म्हणतो, "बुलेट आहे, थरथरणारच". दुसरा म्हणतो, स्पोकची चाकं काढून अलॉय टाका. पुणे-सातारा नेहमीचं जाणं-येणं आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. तर टायर आत्ताच बदलायचे, की आधी थरथर शोधायची?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते सुटे करू. टायर बदलायचे ते त्यांचं वय झालंय म्हणून. थरथर असती-नसती तरी बदलावे लागलेच असते. थरथरीचं कारण टायर असू शकतं, पण नसूही शकतं. म्हणून नवे टायर टाकले की हँडल शांत होईल, या हिशोबाने दुकानात जाऊ नका. नाहीतर पैसे खर्चून थरथर तशीच राहील आणि पुढचा माणूस तुम्हाला अलॉय विकेल.

आधी वय. 2216 म्हणजे 2016 चा बाविसावा आठवडा, साधारण मे महिन्याची अखेर. म्हणजे पुढचा टायर गाडीबरोबर आलेलाच आहे. 4119 म्हणजे 2019 चा ऑक्टोबर. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूने वाकून बघा. (कोणी जुनी यझदी किंवा आरएक्स घेतली आणि तिथे तीनच आकडे असले, तर टायर 2000 सालाआधीचा आहे. त्यावर चर्चाही करू नका.)

चौदा हजार किलोमीटर ही तुम्हाला जमेची बाजू वाटतेय, टायरच्या बाबतीत ती उलटी आहे. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. टायर फिरताना वाकतो, दबतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत ते येत नाही, आणि ऊन, हवा, पार्किंगची गरम फरशी आपलं काम करत राहतात. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचा टायर नक्षीने तरुण आणि रबराने म्हातारा असतो. अंगठ्याचं नख नक्षीच्या ठोकळ्यात जोरात दाबून बघा. ताज्या रबरात ते किंचित रुततं आणि खूण भरून येते. जुन्यावर नख नुसतं घसरतं. मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमच्या वरच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा आहेत का ते टॉर्च लावून बघा. हवा थोडी कमी करून कड दाबली की चिरा उघडतात.

दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर हवी असं नियम सांगतो, वयाबद्दल तो काही सांगत नाही. बऱ्याच टायर कंपन्यांचा सल्ला असतो की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसो, काढून टाका. आपल्याकडचा उन्हाळा धरला तर मोटरसायकलसाठी मी पाच-सहा वर्षांपुढे जात नाही. कोरड्या रस्त्यावर कडक टायर बऱ्यापैकी चालून जातो, म्हणून लोक फसतात. ओल्या खंबाटकी घाटात वळणावर डिझेल सांडलेलं असतं, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा ओला असतो, तिथे तो काहीही न सांगता सुटतो.

तेव्हा दोन्ही टायर बदला. या महिन्यात एकाचेच पैसे असतील तर पुढचा आधी. लोक उलटं करतात, कारण मागचा लवकर झिजतो आणि नजरेत भरतो. पण ब्रेक मारताना वजन पुढे येतं आणि वळण्याचं कामही पुढचंच चाक करतं. मागचं चाक थोडं सरकलं तर सावरायला संधी मिळते, पुढचं सरकलं की बहुतेक वेळा माणूस खालीच. तोवर पन्नासच्या आत चालवा (खालच्या चाचण्या एवढाच अपवाद, त्याही कोरड्या रस्त्यावर), आणि पावसात मागे कोणाला बसवून घाट चढू नका.

आता थरथर. तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन थरथरी दिसतात. पासष्टची हँडलमध्ये, पंच्याऐंशीची फूटरेस्टमध्ये. दोन्हींचा उगम एकच असेल असं धरून चालू नका.

फरक ओळखायचा कसा? पुढच्या 90/90-19 टायरचा घेर साधारण दोन मीटर आहे. सत्तरच्या वेगाला ते चाक सेकंदाला साडेनऊ-दहा फेऱ्या मारतं. त्याच वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन सेकंदाला चाळीसच्या आसपास फिरतं. म्हणून चाकाचा दोष हाताला डगडग किंवा थडथड असा जाणवतो, झटके जवळजवळ मोजता येतील इतके सुटे. इंजिनाची थरथर झिणझिण असते, हातमोज्यातही बोटं बधिर करणारी, आणि आरशात मागची गाडी धूसर दिसते ती तिच्यामुळे.

रिकाम्या सरळ रस्त्यावर दोन चाचण्या करा. पहिली, साठच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच वेगाला पाचव्यात. थरथरीचा पोत बदलला तर ती इंजिनाकडची. गिअर कुठलाही असो, साठला तेच आणि सत्तरला जास्त, असं असेल तर चाकाकडची. दुसरी, सत्तरवर नेऊन क्लच पूर्ण दाबा, थ्रॉटल सोडा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. थरथर तिथेच थांबली तर इंजिन, चालू राहिली आणि वेगाबरोबर हळूहळू विरली तर चाक, टायर किंवा बेअरिंग. चावी बंद करून हे करू नका. हात सोडूनही नको, पकड फक्त सैल ठेवा.

तिसरी गोष्ट नुसती लक्ष ठेवून कळते. सकाळी पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्ये थडथड जास्त आणि नंतर कमी होते का? आपले बहुतेक ट्यूबवाले टायर नायलॉनच्या धाग्यांचे असतात. गाडी उभी राहिली की खालचा भाग चपटा बसतो आणि टायर तापल्यावर परत गोल होतो. महिनोन्महिने कमी हवेत उभी राहिलेल्या गाडीत मात्र तो चपटेपणा कायमचा होतो. तसं असेल तर नव्या टायरने ही थरथर नक्की जाईल.

या सगळ्याआधी एक फुकटचं काम आहे, हवा बघा. पेट्रोल पंपावर न विचारता पस्तीस-चाळीस भरून देतात. या गाडीला पुढे 20 ते 22 आणि मागे 28 ते 32 पीएसआय पुरतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तो धरा आणि टायर थंड असतानाच भरा. दहा वर्षांच्या कडक टायरमध्ये वर दहा पीएसआय जास्त म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खडा हँडलपर्यंत पोचणार. नायट्रोजनने थरथर जाते असं सांगणारेही भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला.

चाकाकडचा दोष निघाला असं धरू. तुमच्या वर्णनावरून पासष्टची थरथर मला तिकडचीच वाटते. टायर बदलताना चाकं उतरणारच आहेत, तर सगळी कामं त्याच बैठकीत करून घ्या. पुन्हा चाक काढण्याची मजुरी द्यायला नको.

जुना टायर काढण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलण्यासाठी इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावा. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीला) एक केबल टाय बांधा, त्याचं टोक रिमच्या कडेपासून एखाद मिलिमीटरवर ठेवा आणि चाक हळू फिरवा. रिम डावी-उजवीकडे किती हलते आणि वर-खाली किती, हे दोन वेगळे आऊट, म्हणजे रिमचे वाकडेपणे, आहेत. दोन्हींना साधारण 2 मिलिमीटरपर्यंत चालतं, पण मी एकाच्या आत आणून घेतो, कारण स्पोकच्या चाकात ते सहज जमतं. मग टायरच्या कडेवर रिमला समांतर जी बारीक रेघ असते ती बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे आत दबली असेल तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही. अशा टायरला कितीही वजनं लावा, तो उडत राहणार.

टायर निघाला की स्पोकांवर लहान पान्ह्याने एकेक टकटक करा. ताणलेला स्पोक स्वच्छ वाजतो, सैल असलेला बद्द. आऊट काढणारा कारागीर वेगळा असतो, सगळ्या गॅरेजमध्ये हे नीट होत नाही. जुन्या पेठांमध्ये रिम बांधणारी दुकानं अजून आहेत, तिथे न्या. आऊट नेहमी टायर काढून काढायचा. एकेका निपलला (स्पोक रिमला कसणाऱ्या छोट्या नटला) पाव फेरीपेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि शेवटी रिमच्या आतून हात फिरवायचा. निपलमधून स्पोकचं टोक वर आलं असेल तर ते घासून सपाट करायचं. हे राहिलं तर महिन्याभरात ट्यूब पंक्चर होते आणि दोष ट्यूबवर जातो.

चाक हातात आहे तोवर बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर किंवा अडकणं जाणवलं तर बेअरिंग बदला. मागच्या ड्रममधली हब रबर (चाक आणि चेनचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, यांच्यामधले धक्के झेलणारे रबरी तुकडे) काढून बघा. ती कडक होऊन आकसली की स्प्रॉकेट रबरांमध्ये खेळतं, आणि थ्रॉटल सोडता-धरताना धक्का बसतो. लोक त्याला चेनचा दोष समजतात.

टायर त्याच मापाचा घ्या. पुढे 90/90-19 52पी, मागे 110/90-18 61पी (शेवटचा आकडा-अक्षर म्हणजे वजन आणि वेग पेलण्याची क्षमता). रुंद टायर दिसायला भारी, पण चेनगार्डला घासण्याची भीती आणि वळताना गाडी जड. दुकानात पैसे देण्याआधी नव्या टायरवरचे चार आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना घेऊ नका. तुम्ही ज्याच्यामुळे इथे आलात तोच घोळ पुन्हा कशाला?

ट्यूब नवीनच टाका, दोन्हीकडे. जुनी ट्यूब जुन्या टायरच्या आकाराला सरावलेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. वॉल्व्हच्या मुळाशीही ती चिरलेली असते. ट्यूबच्या टायरची हवा जाते ती एकदम जाते, हे विसरू नका. स्पोकांवरची रबरी पट्टीही बदला, किरकोळ किमतीची असते.

बसवताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. कडेवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी आणा. ती टायरची हलकी जागा असते आणि वॉल्व्हचं वजन तिला भरपाई देतं. कडेला साबणाचं पाणी लावा, ऑइल किंवा ग्रीस नको. ऑइलने रबर सडतं आणि ब्रेक मारताना टायर रिमवर सरकून वॉल्व्ह उपटतो. कड बसवण्यासाठी हवा चाळीस पीएसआयपर्यंत भरा, त्यापुढे जाऊ नका. ती रेघ सगळीकडे सारखी आली नाही तर हवा सोडून साबण लावा आणि पुन्हा भरा. बसल्यावर नेहमीच्या आकड्यावर आणा.

आता बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. मोटरसायकलला लागत नाही, असं अनेक दुकानदार सांगतात. चाळीसच्या वेगाला ते खरंही आहे. हिशोब असा आहे: पुढच्या रिमवर एका बाजूला 30 ग्रॅम जास्त असतील तर सत्तरच्या वेगाला दर फेरीला साधारण अडीच-पावणेतीन किलोचा ओढा निर्माण होतो. पस्तीसला तो त्याच्या चौथा हिस्सा, शंभरला दुपटीहून जास्त. म्हणून शहरात काही कळत नाही आणि हायवेवर हँडल बोलू लागतं. शिवाय पुढच्या भागाची स्वतःची एक हलण्याची लय असते. चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की पासष्ट-सत्तरला थरथर कळस गाठते आणि त्यापुढे उलट कमी वाटते. तुम्ही पंच्याहत्तरला हँडल कसं असतं ते लिहिलं नाहीत. तिथे शांत होत असेल तर बॅलन्सिंगचा संशय जवळजवळ पक्का.

मशीन नसेल तरी घरी जमतं. पुढच्या चाकावरून स्पीडोमीटरचा ड्राइव्ह काढा, एक्सल घालून तो दोन स्टुलांवर आडवा ठेवा, म्हणजे चाक मोकळं फिरेल. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबेल. बरोबर वरच्या जागी रिमवर चिकटपट्टीने नाणी लावा. नवं रुपयाचं नाणं तीन ते चार ग्रॅमचं, पाचाचं सहा ते सातचं. चाक पाव फेरी फिरवून सोडा. जिथे सोडाल तिथेच थांबायला लागलं की तेवढ्या वजनाची पट्टी तिथे लावायची. कारच्या टायरवाल्याकडे पाच आणि दहा ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, नाहीतर सोल्डरची तार स्पोकवर निपलपाशी घट्ट गुंडाळा. बेअरिंगच्या सीलच्या घर्षणामुळे पाचएक ग्रॅमची चूक राहते, ती चालते. साठ-सत्तर ग्रॅमच्या वर लागायला लागलं तर थांबा. टायर रिमवर फिरवून दुसऱ्या जागी बसवून बघा, किंवा आऊट पुन्हा तपासा.

चाकं परत चढवताना मागची चेन. दोन्ही बाजूंच्या कॅम अॅडजस्टरची (चेन ताणायच्या चकतीची) खाच सारखी हवी. चेनचा झोल मध्यभागी 25 ते 30 मिलिमीटर. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे सैल असेल तर चेन किट संपलंय. ताठ जागा येते तेव्हा गाडी दर थोड्या अंतराला ओढल्यासारखी होते आणि तीही थरथरच भासते. पुढचं चाक अधांतरी असताना फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवा. टक्क असा आवाज आला तर कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) सैल आहे. हँडल हळू वळवताना मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर छर्रे आणि वाट्या गेल्यात, नुसतं कसून उपयोग नाही. पन्नास-साठवरून वेग कमी होताना हँडल डुलत असेल तर कोनसेट पहिला बघा.

पंच्याऐंशीच्या झिणझिणीबद्दल तुमचा पहिला मेकॅनिक अर्धा बरोबर आहे. तुमचं इंजिन 346 सीसीचं, एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक, आणि त्यात बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाची थरथर मारणारा फिरता दांडा) नाही. तो 2021 च्या नव्या क्लासिकमध्ये आला. त्यामुळे ऐंशीच्या पुढे फूटरेस्टमध्ये थोडी मुंगी राहणारच, ती टायरने जाणार नाही. पण थोडी आणि पाय बधिर होणं यात फरक आहे. इंजिन चेसिसला धरणारे बोल्ट आणि पट्ट्या टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलच्या आकड्यावर कसून घ्या. इतक्या वर्षांच्या गाडीत एखादा सैल निघणं नवल नाही. सायलेन्सरचा क्लॅम्प, लेग गार्ड, फूटरेस्टचे बोल्ट, हँडलच्या टोकाची वजनं, सगळ्यांवरून पान्हा फिरवा. मग प्लग. या इंजिनाला दोन आहेत, आणि एकाची टोपी सैल असली तरी गाडी चालू राहते, फक्त खडबडीत चालते. म्हणून दोन्ही काढून रंग बघा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा काळा-ओला असेल तर कारण सापडलं.

अलॉयचं म्हणाल तर पंक्चरच्या सोयीसाठी, ट्यूबलेससाठी घ्यायचे असतील तर जरूर विचार करा. थरथरीसाठी नाही. नीट बांधलेलं स्पोकचं चाक या गाडीच्या वेगांना पुरेसं सरळ फिरतं, आणि बाजारातले स्वस्त अलॉय स्वतःच आऊट असू शकतात. शिवाय स्पोक पान्ह्याने सरळ करता येतो, अलॉय नाही.

नवे टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवा. वरचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे वळणात लगेच झोपवू नका आणि ब्रेक हळूहळू दाबा. त्यानंतर पुन्हा त्याच रस्त्यावर क्लच दाबून तीच चाचणी करा.

टायर, रिमचा आऊट, बॅलन्सिंग, बेअरिंग, कोनसेट हे सगळं होऊनही सत्तरला हँडल तसंच डगडगत असेल तर मग प्रश्न गाडीच्या इतिहासाचा आहे. दोन चाकांच्या बाजूने एक लांब दोरी ताणून चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. फोर्कच्या नळ्या काढून काचेवर लोळवा, वाकलेली नळी लगेच उडते. दोरी तिरकी आली किंवा नळी वाकलेली निघाली, तर गाडी कधीतरी पुढून ठोकलेली आहे. आरटीओत तुमच्या नावावर कागद होण्याआधीच हे उघड झालं तर बरं. नाव अजून चढलं नसेल तर दोरीची तपासणी सगळ्यात आधी करा, टायर नंतर.